चिमूटभर गोड

त्या वर्षी मी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांत माझी सख्खी आत्या होती, माझ्याच इंजिनावरचा सेकंड फायरमन होता, शिरूरचा एक डॉक्टर होता आणि काही दिवस तर शेजारणीची अंडी घालणारी कोंबडीसुद्धा होती. स्वतःवर संशय घ्यायला तेवढी सवड मिळाली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दौंडहून नगरकडे जाणाऱ्या आमच्या गाड्या तेव्हा वाफेवर धावत. इंजिनावर आम्ही तिघे. ड्रायव्हर आप्पा वयानं आणि आवाजानं मोठे. रविवारी सुट्टी मिळाली की चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि एरवी इंजिनाची शिट्टी त्याच सुरात वाजवायला बघायचे. मी फस्ट फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. तिसरा सेकंड फायरमन, म्हणजे मागचे कोळशाचे धोंडे फोडून माझ्यापुढे ओढून देणारा. इंजिनावर नावं कुणी घेत नसे. मी 'फस्ट', तो 'सेकंड'. फस्ट वर सरकला की सेकंडचा फस्ट होतो. फस्ट खाली पडला तरीही सेकंडचाच फस्ट होतो. हा दुसरा भाग माझ्या डोक्यात एरवी कधी आला नसता, पण मध्ये मेडिकल आलं.

ड्रायव्हरच्या परीक्षेला बसायचं तर आधी मेडिकल पास व्हावं लागे. डोळे चांगले निघाले, कान चांगले निघाले, छाती तर कुणी न सांगता मीच फुगवली. मग रेल्वेच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीच्या बाटलीतले थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं निळं राहिलं तर माणूस सुटला. माझ्या निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आणि विटकरी होणार एवढ्यात कंपाउंडरलाच माझी दया आली असावी, त्यानं दिवा विझवला.

"साखर आहे," रेल्वेचे डॉक्टर म्हणाले. "आणि हे पोट बघा. दिवाळी झाली की पुन्हा या. तेव्हा निळं राहिलं तर ड्रायव्हर व्हा. नाहीतर इंजिनावरून उतरा, शेडमध्ये बसून कंदील पुसा."

कंदील पुसणाऱ्यांना मी तोवर इंजिनाच्या फूटप्लेटवरून वरच्या पट्टीत हाका मारत आलो होतो. त्यांच्यात जाऊन बसायचं म्हणजे मरण होतं. शिवाय बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. जाताना "ड्रायव्हर झाल्याशिवाय न्यायला येऊ नका" असं हसत म्हणाली होती. हसत म्हणाली होती म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

घरी स्वयंपाकाला आत्या आली होती, मांडवगण फराट्याची. वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळे तिनं मला नीट पाहिलं ते आत्ताच, आणि पाहिलं ते नापसंतीनं. "एवढं प्वाट कशाला वाढवलंस? आत कोळसा भरतोस व्हय?" हा तिचा आल्या आल्या पहिला प्रश्न.

दौंडमध्ये डॉक्टर नव्हते असं नाही. पण दौंडात दवाखान्यात शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याचा आजार लोको शेडमध्ये पोचलेला असे. म्हणून मी आत्याला घेऊन एसटीनं शिरूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांचं नाव आत्याच्या गावात देवाच्या बरोबरीनं घेत. त्यांनी मला पडद्यामागं झोपवलं, पोट दाबलं, जीभ पाहिली आणि "कपडे घाला" म्हणून पडद्याबाहेर गेले. माझ्या शर्टाची पोटावरची गुंडी लागायला नेहमी वेळ लागे. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी काय खायचं, काय नाही ते सगळं आत्यालाच सांगून टाकलं. पुरुषांना पथ्य सांगून उपयोग नसतो, असं त्यांचं मत होतं म्हणे. मी बाहेर आलो तेव्हा आत्या मान डोलावत होती आणि डॉक्टर बजावत होते, "चिमूटभरसुद्धा नाही. लक्षात राहील ना, बाई?"

"ऱ्हाईल की. चिमूटभर बी न्हाई."

कशाची चिमूट, ते मी विचारलं नाही. साखरेची असणार, दुसरी कशाची? हा एक प्रश्न मी त्या दिवशी त्या दवाखान्यात विचारला असता तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवसापासून माझी भाकरी बंद झाली. भाकरी, चपाती, भात, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ, सगळं बंद. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी मेथी नाहीतर चाकवत, संध्याकाळी भीमेचे मासे नाहीतर मटण, वर तांब्याभर ताक. ऐकायला हे एखाद्या पाटलाचं जेवण वाटतं. पण भाकरीशिवाय मटण म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. हात ताटात जातो, तुकडा मोडायला काही नसतं, आणि बोटं ताटात नुसतीच फिरतात. त्यात ते मटण पहिल्याच घासाला मला संशयास्पद वाटलं.

"आत्या, अळणी आहे गं."

"आळनीच ऱ्हानार. डाक्टरनी बजावलंय. चिमूटभर बी न्हाई."

"हे पण बंद?"

"हेच तर आधी बंद. खा गप."

झालं. मला वाटलं, डॉक्टर मोठा माणूस आहे, साखरेबरोबर मीठही तोडायला सांगितलं असेल. आजार मोठा असेल. अंडं अळणी, मेथी अळणी, ताक अळणी. लोणच्याची बरणी आत्यानं आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मी रोज सकाळी पट्ट्यावर एक नवीन भोक पाडत होतो आणि स्वतःवर खूष होतो.

आत्या मात्र माझ्यावर खूष नव्हती. मी ड्यूटीवरून आलो की ती दारातच उभी असे.

"इंजनावर गोड खाल्लंस?"

"नाही गं. शप्पथ."

"ठेसनावर भज्याची गाडी हाय. भजी खाल्ली आसशील."

"भज्यांत गोड कुठून येणार?"

"भज्यांत गोड न्हाई? बिगर गोडाची भजी कोन खातं रं?" असं म्हणून ती माझ्याकडे अशी बघे की जणू मीच येडा. मी म्हातारपणाचा परिणाम म्हणून सोडून दिलं. ती तेव्हा पन्नाशीचीही नव्हती.

आणि मग गोळे यायला लागले.

पहिला आला तो एका दुपारी. पहाटेची गाडी करून आलो होतो, जेवून पडलो होतो. डाव्या पायाचा अंगठा आपोआप वर उचलला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो शेजारच्या बोटावर चढला. मग पोटरीत कुणीतरी आतून कांबी पिळावी तसं झालं आणि मी खाटेवरून थेट जमिनीवर. माझी किंकाळी ऐकून शेजारीण धावत आली, तिच्या मागोमाग तिची कोंबडी. कोंबडी आधी आत शिरली. अंडी तिचीच, तेव्हा तिच्यावर माझी नजर गेली ती तिथंच.

दोनचार दिवसांत गोळा ठरलेल्या गाडीसारखा यायला लागला. पोटरीत, मांडीत, एकदा तर जांभई देताना हनुवटीखाली. तोंड उघडंच राहिलं. आत्याला वाटलं मी काही मागतोय, तिनं त्यात ताक ओतलं.

हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. लघवीतली साखर डॉक्टर बघतील, पण पायात गोळे येणारा माणूस इंजिनावर ठेवायचा नाही हे कुणालाही समजतं. दिवाळीनंतरच्या मेडिकलला एका पायावर उभं करतात, उकिडवं बसवतात, हे मला माहीत होतं. म्हणून उपाय सगळे गुपचूप. आत्यानं पहिल्यांदा माझ्या उशाखाली चप्पल ठेवली. मग चप्पल काढून लोखंडी किल्ली ठेवली. तीही लोणच्याच्या ट्रंकेची नव्हे, तेवढी ती हुशार होती. मग निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक. मग विटेचा शेक. मग काळा दोरा. शेजारीण म्हणाली केळं खा. आत्या म्हणाली, केळं बंद. शेजारीण म्हणाली लिंबू-सरबत द्या. आत्यानं साखर वगळून, आणि ते दुसरं वगळून, नुसतं लिंबू पाण्यात पिळून दिलं. त्यानं दात आंबले, पाय तसेच.

"करनी हाय," आत्या एके दिवशी हळूच म्हणाली. "तुझ्या वाईटावर कोन हाय?"

मी म्हटलं, असलं काही नसतं. पण तिचा प्रश्न चांगला होता. माझ्या वाईटावर कोण आहे? म्हणजे, मी खाली उतरलो तर वर कोण चढणार?

त्याच आठवड्यात इंजिनावर ते झालं. नगरकडे जाताना चढावर गाडी जड झाली, आप्पा ओरडले, "कोळसा!" मी फावडं भरून भट्टीत रिकामं केलं, पुन्हा भरलं, आणि माझ्या दोन्ही हातांची बोटं फावड्याच्या दांड्यावर तशीच आवळली. सुटेनात. मी फावडं धरून उभा, भट्टीचं दार उघडं, वाफेचा काटा खाली चाललेला.

"टाक की रं!"

"टाकतोय आप्पा."

"मला दिसत न्हाई टाकलेला!"

सेकंडनं पुढं होऊन फावडं ओढलं. फावड्याबरोबर मीही गेलो. शेवटी त्यानं फावडं आणि मला, दोघांना एकत्र हलवत कोळसा आत टाकला. चढ संपल्यावर त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, शेंगा सोलतात तशी.  आप्पा पुढच्या काचेतून बघतच म्हणाले, "हे मी एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं तर मला वर सांगावं लागंल. पोरं दोन्ही माझीच हायत, पण गाडीत मानसं बसल्यात."

"कवापासनं होतंय, भाऊ?" सेकंडनं विचारलं. आवाजात काळजी होती. मला ती जरा जास्तच वाटली.

"आजच," मी म्हटलं.

"मेडिकल कवा हाय तुमचं?"

हे त्यानं का विचारावं? मी त्याच्याकडे पाहिलं. तो कोळसा फोडत होता. निष्पाप माणूस एवढ्या जोरात कोळसा फोडत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं.

घरी मी आत्याला सांगितलं नसतं, पण माझी बोटं बघूनच तिला कळलं. तिनं चौकशी केली आणि तिला नको तेवढी माहिती मिळाली: सेकंड पायाळू होता. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला. अशा माणसाचा पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं; लोक त्याच्या दारात पाठ करून उभे राहत.

"पाठीला चालतो तर पोटरीला का न्हाई चालनार?" आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊनच आली.

मला अंगणात पालथं झोपवण्यात आलं. शेजारीण, कोंबडी आणि नळावर आलेल्या दोघीतिघी बघायला थांबल्या. सेकंड पायातल्या चपला काढून उभा राहिला.

"भाऊ, तुमच्या अंगाला पाय लावायचा म्हंजी..." तो संकोचून म्हणाला.

"लाव बाबा लाव, देवानं दिलाय तुला," आत्या म्हणाली.

त्यानं लावला. लाथ म्हणायची नसते त्याला, पाय लावला म्हणायचं. पण जमिनीला नाक टेकलेल्या माणसाला त्यातला फरक सांगता येत नाही. त्यानं डाव्या पोटरीला लावला, उजव्या पोटरीला लावला आणि मग कुणी न सांगता कमरेखाली एक लावला.

"तिथं कशाला?" मी ओरडलो.

"पाठ बी करून टाकली. आलोच हाय तर."

बायका हसल्या. त्या हसण्यात मला कट दिसला. आणि गोळे थांबले का? उलट त्याच दुपारी दोन्ही पोटऱ्यांत एकदम आले. त्यानं पाय लावल्यावर वाढले! आता पुरावा जमायला लागला होता. मी बसून एकेक गोष्ट जुळवली. सेकंडला माझी जागा हवी. सेकंड रोज माझी चौकशी करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, निघताना दोघांच्या छागली तोच नळावर भरून आणतो. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. आम्ही ती इंजिनाच्या बाहेर वाऱ्याला टांगत असू, पाणी थंडगार राहतं. माझी छागल त्याच्या हातातून येते! मी दिवसभर ते पाणी पितो आणि माझे हातपाय वळतात. यात काय उरलं?

मी पोलिसांत गेलो नाही, एवढाच शहाणपणा केला. मी छागली बदलायचं ठरवलं. दोन्ही सारख्याच दिसत, त्याच्या छागलीच्या दोरीला एक तांबडी चिंधी बांधलेली. गाडी सुटायच्या आधी तो कोळशावर चढला तेव्हा मी ती चिंधी सोडून माझ्या छागलीला बांधली. आता त्यानं माझ्यासाठी केलेलं पाणी त्यालाच प्यावं लागणार होतं.

ऊन ऑक्टोबरचं, भट्टीचं दार सतत उघडझाप. पहिल्या थांब्यावर मी त्याची छागल तोंडाला लावली. काय पाणी होतं! असं पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो. जीभ ते सोडायला तयार होईना. मी थांब्याथांब्याला पीत गेलो आणि नगर यायच्या आत छागल पिळून काढली. आणि खरं सांगतो, त्या दिवशी गोळा आला नाही. बोटं सुटी, पोटऱ्या मऊ, चढावर मी असा कोळसा टाकला की आप्पांनी वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिंधी बदलली. पुन्हा तेच अमृत, पुन्हा गोळा नाही. सेकंड मात्र दोन्ही दिवस छागलीकडे आणि मग माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होता. चोराच्या नजरेनं, असं मी मनात म्हटलं.

दौंडला परत आल्यावर यार्डात, आप्पा खाली उतरून इंजिनाला तेल देत होते तिथं, मी सेकंडची कॉलर धरली.

"माझ्या पाण्यात काय घालतोस?"

"तुमच्या पाण्यात?" तो बघतच राहिला. "तुमच्या पाण्यात काय न्हाई घालत!"

"खोटं बोलू नकोस. दोन दिवस मी तुझं पाणी प्यालो आणि माझे पाय चांगले राहिले. माझं पाणी प्यालो की वळतात. चिंधी मी बदलली होती. बोल आता!"

सेकंडचा चेहरा हळूहळू उजळला. राग यायच्या ऐवजी त्याला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"म्हंजी माझं पानी तुम्ही पीत होता! आन् मी म्हनलं आज माझ्या पान्याला चव कशी न्हाई. आप्पा, ऐकलं का? ह्यांनी माझी आख्खी छागल प्याली!"

"मग?" आप्पा म्हणाले.

"आवो, त्यात मी मूठभर मीठ घालतो! शेडमधली पोरं माझंच पानी चोरत्यात, आपलं भरायला नको म्हनून. मीठ घातलं की एक घोट घेत्यात आन् थुकत्यात. मला सवय झालीय. पन दुसरं कुनी एक घोटाच्या वर पीत न्हाई. आन् ह्यांनी दोन दिस..." त्याला पुढं बोलवेना, तो इंजिनाच्या चाकावर डोकं टेकून हसत राहिला.

"खारट लागलं न्हाई तुला?" आप्पांनी विचारलं.

"गोड लागलं," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.

आप्पा लांब चोचीची तेलाची बुधली खाली ठेवून जवळ आले. "डब्यात मीठ खातोस का न्हाई तू?"

"डॉक्टरांनी बंद केलंय."

"साखरेला मीठ का बंद केलं?"

 सेकंडवरचा संशय एका क्षणात सुटला, पण मोकळं राहणं संशयाच्या स्वभावात नव्हतं. तो तसाच उडून शिरूरच्या डॉक्टरवर बसला आणि तिथून घराकडे निघाला. सेकंडची कॉलर मी अजून धरलेली होती. ती सोडली आणि हातानं सरळ केली.

"पाय लावू का पुन्हा?" तो म्हणाला.

घरी दिवेलागण झाली होती. आत्या देवापुढं हात जोडून उठत होती.

"आत्या, खरं सांग. माझ्या जेवणात तू काय घालतेस?"

"काय घालते? काय न्हाई घालत ते इचार. सोन्यासारखं मटान बिगर गोडाचं शिजवते, माझी मला लाज वाटती."

"मटणात गोड कोण घालतं?"

"सगळं जग घालतं! तूच घातलं न्हाईस तेवढं."

मी चुलीपाशी गेलो. कोपऱ्यात मिठाचं मडकं होतं. मी झाकण काढून त्यातला एक खडा उचलून तिच्यापुढं धरला. "हे काय आहे?"

"गोड," आत्या म्हणाली.

"हे मीठ आहे."

"हळू! दिवा लावलाय घरात. नाव नको घेऊ." तिनं खरोखरच देवाकडे बघितलं. "आमच्याकडं त्याचं नाव कुनी घेत न्हाई, दिवे लागल्यावर तर न्हाईच न्हाई. आमच्या सासूबाई दिवसा बी घेत नव्हत्या. गोड म्हनायचं. आमटीत गोड टाक, गोड कमी पडलं, असं."

मी खाली बसलो. "आणि डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते?"

"भाकरी बंद म्हनले. भात बंद. साखर बंद, गूळ बंद. आन् मग म्हनले, गोड आजाबात न्हाई, चिमूटभर बी न्हाई." ती माझ्यासमोर हात नाचवत उभी राहिली. "आता तूच सांग. साखर सांगितली, गूळ सांगितला. मग गोड म्हंजी काय उरलं? आन् चिमटीनं काय घालत्यात? साखर चिमटीनं घालत्यात व्हय? तू शिकल्याला हायस, तू सांग."

 शिकलेला असूनही मला तिच्या हिशोबात एकही चूक सापडेना. चूक डॉक्टरांचीही नव्हती. माझी मात्र होती: मी जिभेनं जे ओळखलं होतं ते तोंडानं विचारलं नाही, आणि गावभर विष शोधत फिरलो.

तरी आत्यानं त्या रात्री माझ्या ताटात मीठ टाकलं नाही. डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पुन्हा शिरूर. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे पुसले. "बाई, गोड म्हणजे पेढे, जिलेबी, लाडू. मीठ त्याला हवंच. भाकरी सोडली की अंगातलं पाणी आणि मीठ आधीच जास्त जातं, त्यात हा दिवसभर भट्टीपुढं घाम गाळतो. ताकात घाला, भाजीत घाला."

"मग आसं सरळ मीठ म्हना की," आत्या त्यांनाच रागावली. "दिवस हाय, दिवसा म्हनायला काय जातंय?"

लोणच्याची बरणी ट्रंकेतून बाहेर आली. भाकरी बंदच राहिली. पण खारं ताक, खारी अंडी, आणि ड्यूटीवर जाताना खिशात कागदाच्या पुडीत मिठाचे दोन खडे, "बोटं वळायला लागली की चघळ" म्हणून. बोटं पुन्हा वळली नाहीत. कोंबडी निर्दोष सुटली. सेकंड तेव्हापासून माझी छागल भरून आणायचा आणि वर ओरडून सांगायचा, "भाऊ, गोड केलंय!"

दिवाळी झाली आणि मेडिकलचा दिवस आला. आत्या हट्टानं बरोबर आली आणि खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर पदर सावरून बसली. मला एका पायावर उभं केलं, उभा राहिलो. उकिडवं बसवलं, बसलो, उठलो. पट्टा दोन वेढ्यांवर आला होता. रेल्वेच्या डॉक्टरांना माझं पोट दिसेना म्हणून त्यांना आधी माझाच संशय आला. "तोच ना तू? की भाऊ पाठवलाय?"

मग कंपाउंडरनं नळी दिव्यावर धरली. मी निळ्याकडे बघत होतो. नीट दिसावं म्हणून मी पुढं वाकलो, आणि शर्टाच्या खिशातली मिठाची पुडी खाली पडली. कागद सुटला. दोन पांढरे, चकचकीत खडे फरशीवर टप्पे खात डॉक्टरांच्या बुटापाशी जाऊन थांबले.

साखरेची तपासणी चाललेल्या माणसाच्या खिशातून खडीसाखर पडावी, याहून वाईट काही असू शकत नाही. डॉक्टरांनी वाकून एक खडा उचलला.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडतो तोच दाराबाहेरून माझ्या आत्याचा ठणठणीत आवाज आला:

"गोड हाय ते, साहेब!"

कंपाउंडरचा दिव्यावरचा हात थांबला. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कंदील दिसायला लागले, रांगेनं मांडलेले, सगळे पुसायचे. "अस्सं," ते म्हणाले. "आणि आम्हाला मूर्ख समजता." आणि पुरावा म्हणून त्यांनी तो खडा तोंडात टाकून कचकन फोडला.

 डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी हातानंच तांब्या मागितला. तांब्या आत्यानंच आत येऊन दिला. गटागट पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि कंपाउंडरच्या हातातल्या नळीकडे बघितलं.

निळी होती. उकळून निवलेली, तरी निळीच.

त्यांनी एकदा आमच्या दोघांकडे बघितलं,  कागद ओढला आणि 'फिट' लिहून सही केली. मला वाटतं, त्यांना आम्ही खोलीबाहेर जायला हवे होतो.

बाहेर टांग्यात बसल्यावर मी आत्याला म्हटलं, "आज माझी नोकरी घालवली असतीस तू. सरळ मीठ म्हणायला काय झालं होतं? दिवसाढवळ्या!"

"तुझं सोनं व्हायचं व्हतं आज," आत्या शांतपणे म्हणाली. "आसल्या येळंला त्याचं नाव घ्यायचं आसतं व्हय?"